नाव कमी करण्याचा अर्ज

“बाई, मला कितपत आजारी पडता येतं?”

एका म्हाताऱ्यानं मला हे विचारलं होतं. जुन्नरच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागातल्या माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर ते बसले होते. त्यांचा मुलगा प्राथमिक शिक्षक. आईबापाच्या औषधपाण्याचा खर्च मुलाला सरकारकडून परत मिळतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. दुखणं काही नव्हतं. उद्या काही झालंच तर कुठवर चालतं, एवढंच त्यांना आधी माहीत करून घ्यायचं होतं. मी हसले नाही. माझ्या सबंध नोकरीत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही, साहेबांनीही नाही.

माझं टेबल ‘मेडिकलचं टेबल’ म्हणून ओळखलं जायचं. नव्वदीच्या सुरुवातीला ते माझ्याकडं आलं आणि मधली तीन वर्षं घोडेगावला बदली झाली ती सोडली, तर निवृत्त होईपर्यंत माझ्याकडंच राहिलं. ते कुणाला नको असायचं. तिथं येणारा माणूस एक तर दवाखान्यातून आलेला असतो, नाहीतर दवाखान्यात निघालेला.

तालुक्यातले गुरुजी याला ‘सरकारी विमा’ म्हणत. विमा नव्हता तो. विम्याला हप्ता असतो, इथं हप्ता नव्हता. कर्मचारी, त्याची बायको किंवा नवरा, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील आजारी पडले, तर नियमात बसणारा खर्च सरकार परत देईल, एवढंच होतं. यातला ‘परत’ हा शब्द लोक ऐकायचे, पण त्याचा अर्थ त्यांना बिल भरताना कळायचा. आधी स्वतः भरायचं, मग कागद गोळा करायचे, मग फाईल माझ्याकडून पुण्याला, पुण्याहून परत माझ्याकडं. तोवर कित्येकदा आजारी माणूस बरा होऊन शेतात जायला लागलेला असे. कित्येकदा त्याचं वर्षश्राद्धही झालेलं असे.

आणि ‘नियमात बसणारा’. माझी नोकरी या दोन शब्दांत गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आणि दुकानाच्या बिलावरचं औषध एकच आहे का, हे मी ओळीओळीनं बघायची. टॉनिक, शक्तीच्या पावडरचा डबा, नारळपाणी, दवाखान्यातल्या चांगल्या खोलीचं जादा भाडं, या सगळ्याभोवती लाल पेनानं गोल करायचा. गोल केला की ते गेलं. एका गुरुजींनी आईच्या बिलात चालायच्या काठीची पावती लावली होती. काठी हे औषध की वस्तू, यावर आमचा आणि वरच्या कार्यालयाचा दोन महिने पत्रव्यवहार झाला. उत्तर येईपर्यंत म्हातारी काठीशिवाय चालायला लागली होती. गुरुजी म्हणाले, “बाई, आता नामंजूर केलंत तरी चालेल.”

आईवडील ‘अवलंबून’ आहेत हे सिद्ध करायला दोन गोष्टी लागत. त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा तहसील कचेरीचा दाखला, आणि एकाच रेशनकार्डावर नाव. त्यातून घरोघर गोंधळ व्हायचे. ओतूरकडच्या एका गुरुजींचे वडील धाकट्या, शेती करणाऱ्या भावाच्या कार्डावर होते. वडिलांचं पोटाचं ऑपरेशन निघालं तेव्हा गुरुजींनी त्यांना कागदोपत्री आपल्या कार्डावर आणलं. राहायला ते धाकट्याकडंच. आठ दिवसांनी धाकट्याची बायको तणतणत माझ्या टेबलापाशी आली. “सासरा न्या,” म्हणाली, “पण त्यांच्या नावचं रॉकेल आमच्या कार्डात राहू द्या. रांधायला मला लागतं.” तिचं म्हणणं खरंच होतं. रॉकेल माझ्या हातात नव्हतं.

अशा गोष्टी आम्ही डबा खाताना एकमेकींना सांगायचो. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. ती सांगण्यासाठी आधी एक नियम सांगायला हवा.

पुरुष शिक्षकाला आईवडील म्हणजे त्याचेच आईवडील. तिथं विचारायचं काही नव्हतं. लग्न झालेल्या शिक्षिकेला मात्र विचारावं लागायचं. तिला स्वतःचे आईवडील किंवा सासूसासरे, दोन्हींपैकी एकच जोडी धरता येत होती. कार्यालयाच्या भाषेत याला ‘विकल्प’ म्हणतात. एक पानी फॉर्म. तो भरायचा, खाली सही करायची आणि सेवापुस्तकात चिकटवायचा. दिलेला विकल्प सबंध नोकरीत एकदाच बदलता येईल, असं आम्हाला वरून कळवलं होतं. मी स्वतः लग्नानंतर तो भरला होता. सासूसासऱ्यांची नावं लिहिली. विचारच केला नव्हता. आमच्याकडं तसंच लिहितात.

सुनंदा आहेर आंबेगाव तालुक्यातून बदली होऊन आमच्याकडं आली, तेव्हा तिच्या सेवापुस्तकात हा कागद नव्हता. तिशीची असेल. सासर आणे गावचं, पठारावरचं. शाळाही तिकडंच, एका वाडीवर. माहेर घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला. वडील लवकर गेलेले, भाऊ नाही. आई, पार्वतीबाई, रस्त्याकडेला चहा-भज्यांचं दुकान चालवायची. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी, एरवी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. त्यावर तिनं सुनंदाला डी.एड. केलं होतं.

हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी माझ्यासमोर फक्त एक अपुरं सेवापुस्तक होतं आणि दुपारच्या टपालाची घाई होती. सुनंदाबरोबर तिचा नवरा मोहन आला होता. चांगला माणूस, आळेफाट्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. मी फॉर्म पुढं केला. सुनंदानं पेन हातात घेतलं आणि थांबली. कागदाकडं नुसती बघत राहिली. मोहन काही बोलला नाही. बोलले मी. “अहो बाई, लिहा पटकन. सासूसासऱ्यांची नावं घाला, मला टपाल काढायचंय.” तिनं लिहिली. सासऱ्यांचं नाव किसन, त्यांच्याखाली सासूचं.

नियम समजावून सांगणं हे माझं काम होतं आणि त्या दिवशी मी ते केलं नाही.

सासू दीड-दोन वर्षांतच वारली, अचानक, दवाखान्यापर्यंत न जाता. त्या कागदावर किसनतात्या एकटे उरले. त्यानंतर वर्षभरानं सुनंदा माझ्याकडं आली. ती एकटीच होती आणि हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. आईला चालताना छातीत दुखायचं. मंचरच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं, पुण्यात तपासणी झाली, तीन ठिकाणी अडथळा निघाला. बायपास सांगितली होती.

“बाई, आईचं काही बसतं का?”

मी सेवापुस्तक काढलं. फॉर्म माझ्याच डोळ्यांदेखत भरलेला. “तुमच्या विकल्पात आई नाही.”

“बदलता येतो म्हणतात.”

“येतो. एकदाच. पण मग सासऱ्यांचं नाव निघेल आणि पुन्हा घालता येणार नाही. आणि अर्ज दिल्या तारखेपासूनचं धरतात, मागचं नाही. म्हणजे ऑपरेशनच्या आधी बदलायला हवा.”

या वेळी मी सगळं सांगितलं. हृदयाची शस्त्रक्रिया नियमात बसते, कुठल्या दवाखान्यात केली तर चालते, आधी कुणाची परवानगी लागते, किती कापलं जाईल. ती ऐकत होती. मग तिनं पाकीट उचललं.

“राहू द्या,” म्हणाली. “तात्यांचं नाव काढून आईचं घालायचं, हे मी कुठल्या तोंडानं करू? त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही.”

“त्यांना विचारून तर बघा.”

“विचारलं की ते हो म्हणतील. म्हणून तर विचारत नाही.”

ती गेली. मला वाटलं, हे इथंच संपलं. असे बरेच जण माझ्या टेबलावरून रिकाम्या हातानं परत जायचे आणि मी पुढची फाईल उघडायची.

आठ-दहा दिवसांनी आमचे शिपाई आत येऊन म्हणाले, “बाई, एक पावणं जिन्यात बसल्यात. मेडिकलचं टेबल इचारत्यात. वर या म्हणलं तर म्हणत्यात, जरा टेकू द्या.”

पाच-सात मिनिटांनी ते वर आले. सत्तरीच्या आसपासचे, उंच, धोतर, डोक्याला फेटा, अंगानं वाळलेले. आण्याच्या यात्रेत आमटीच्या भल्यामोठ्या कढया असतात. त्यातल्या एका कढईवर ते उमेदीत पळा घेऊन उभे राहायचे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी दिसले ते त्यांचे हात, लांब आणि भाजल्याचे जुने डाग असलेले. आळेफाट्याला गाडी बदलून आले होते.

“मी किसन आहेर. सुनंदाबाईंचा सासरा.”

मी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“सुनबाईच्या आईचं काळजाचं ऑपरेशन हाय. मोहननं सांगितलं मला. सुनबाई काय बोलंना. दोन दिस कालवणात मीठ इसारली, तवा मी मोहनला धरला. आता मला नीट समजावून सांगा. मी चौथी पास हाय. सावकाश सांगितलं तर समजतं.”

मी सांगितलं. त्यांनी मधेमधे थांबवून प्रश्न विचारले. असे प्रश्न, की मला नियमाचं पुस्तक उघडावं लागलं.

“म्हंजे आज माझं नाव हाय तवर माझं ऑपरेशन सरकार देणार.”

“नियमात बसेल तेवढं.”

“काळजाचं बसतं?”

“बसतं.”

“अन् नाव काढल्यावर?”

“काहीच नाही. गोळीसुद्धा नाही.”

“परत घालायचं म्हणलं तर?”

“नाही घालता येत. एकदाच बदल.”

त्यांनी मान हलवली. “नाव काढायला माझी सही कुठं लागती?”

“तुमची नाही लागत. सूनबाईंची लागते.”

हे त्यांना पटलं नाही. “नाव माझं, अन् सही माझी लागत न्हाई?”

“नाही लागत, तात्या.”

 ते म्हणाले, “तरीबी एक कागद घ्या माझा. मी राजी हाय असं लिहून देतो. उद्या कुणी सुनबाईला बोल लावला तर तुमच्या दप्तरात असू द्या.”

असा कागद फाईलला लागत नव्हता. तरी मी एक कोरा ताव दिला. त्यांनी एकेक अक्षर जुळवत लिहिलं, की माझे नाव कमी करून माझ्या विहिणीचे नाव घालावे, माझी हरकत नाही, मी माझ्या खुशीने लिहून देत आहे. खाली सही केली. तो कागद मी सेवापुस्तकात लावला. पुढं ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कागद कुठल्या नियमानं लावला? मी म्हणाले, नियमानं नाही लावला. त्यांनी वाचला आणि पान उलटलं.

आता मला जे सांगायचंय ते. ते लिहीत असताना मी त्यांच्याकडं बघत होते. जिना चढून अर्धा तास झाला होता आणि अजून त्यांचा श्वास पूर्ण बसला नव्हता. बोलताना वाक्याच्या मधे थांबत होते. पायात चपला घट्ट झाल्या होत्या, पट्ट्याचे वळ पावलांवर उठले होते. इतकी वर्षं आजारांचे कागद वाचून मला एवढं कळत होतं.

मी विचारलं, “तात्या, तुम्हाला धाप लागते का?”

“एसटीत उभ्यानं आलो, बाई. मागल्या चतुर्थीला लेण्याद्रीच्या समद्या पायऱ्या चढून गेलो. मला काय धाड भरलीय?”

मी पुढं विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सुनंदाचं पाकीट होतं, तीन अडथळे होते, आणि तारीख होती. मला ते उत्तर खरं वाटायला हवं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

दुसऱ्याच दिवशी सुनंदा सही केलेला फॉर्म घेऊन आली. डोळे सुजलेले होते. “तात्यांनी ताट बाजूला सारलं,” म्हणाली. “सही झाल्याशिवाय जेवणार नाही म्हणाले. काल दुपारपासून जेवले नव्हते. काय करू मी?” मी फॉर्मवर आवक शिक्का मारला.

पार्वतीबाईंचं नाव सुनंदाच्या रेशनकार्डावर आलं, उत्पन्नाचा दाखला आला आणि त्यांची बायपास झाली. फाईल माझ्या हातून गेली. मी लाल पेनानं जेवढं कापायचं तेवढं कापलं, एक रुपयाही सोडला नाही, कारण माझ्याकडून सुटलेलं पुण्यात सापडलं असतं तर सगळी फाईल परत आली असती. बाकीचं मंजूर झालं. बाई बऱ्या झाल्या. दुकान मात्र डॉक्टरनं बंद करायला लावलं.

तात्यांचं पुढच्याच हिवाळ्यात उघडकीला आलं. पायांवर सूज, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, उशाला तीन उशा लागायच्या. पुण्याला नेलं. हृदयाची झडप निकामी होत आली होती. ती बदलायचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलं, पण दोन वर्षं आधी आले असते तर जास्त बरं, असंही सांगितलं. सुनंदा माझ्याकडं आली. तिला उत्तर ठाऊक होतं, तरी आली.

मी नियमाबाहेरचं एक काम केलं. साहेबांची सही घेऊन जिल्ह्याला पत्र लिहिलं. सासऱ्यांनी स्वखुशीनं नाव कमी करून घेतलं, त्यांचा कागद सोबत जोडला आहे, विशेष बाब म्हणून विचार व्हावा. मसुदा मी चार वेळा केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं: नियमात तरतूद नाही. सही करणाऱ्याचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, आणि कित्येकांना लिहिलं होतं.

मोहन ऑपरेशन करायचंच म्हणत होता, दुकान विकायला निघाला होता. तात्यांनी साफ नकार दिला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, मीठ बंद, पाणी मोजून. असं सुरू झालं.

एका रविवारी मी आण्याला गेले. सुनंदानं बोलावलं होतं असं नाही, मला जावंसं वाटलं. घाट चढून वर आलं की वारा वेगळा लागतो. बाजरी काढून झाली होती, रानं मोकळी पडली होती. दारात मला भेटल्या त्या पार्वतीबाई. लुगडं नीट नेसलेल्या, ताठ, आणि स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात. सुनंदा शाळेत आणि मोहन दुकानात असल्यावर तात्यांकडं बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्या येऊन राहिल्या होत्या.

आईनं लेकीच्या सासरी येऊन राहायचं, आणि विहिणीनं व्याह्याची सेवा करायची, हे आमच्याकडं नवं होतं. गावात बोललं जात होतं. त्या स्वतःच तो विषय काढून म्हणाल्या, “लोक बोलत्यात, बोलू द्या. मी आज दोन पायांवर उभी हाय ती कुणामुळं, ते मला ठाव हाय.” मग म्हणाल्या, “त्यांच्यापुरती आळणी भाजी येगळी करायची तर ध्यानात राहत न्हाई. म्हणून आमी समदीच आळणी खातो. मोहनराव कुरकुर करत्यात जरा.”

चहाला दूध आणायला त्या शेजारी गेल्या. सुनंदा मागच्या दारी धुणं धूत होती. ओसरीवर खाटेवर तात्या तक्क्याला टेकून बसले होते. बारीक झाले होते, आवाज मात्र तोच.

मी गेले होते तीच गोष्ट बोलायला, पण शब्द जुळेनात. शेवटी मी म्हणाले, “तात्या, त्या दिवशी तुम्ही जिन्यात बसला होतात. मला दिसत होतं तुम्हाला बरं नाही. मी अजून खोदून विचारायला हवं होतं.”

“इचारलंत की तुमी.”

“तुम्ही लेण्याद्रीचं सांगितलंत.”

“ते खोटं व्हतं.” ते सहज म्हणाले. “निम्म्यातून माघारी आलो व्हतो. डोळ्यांपुढं अंधारी आली. मग बेल्ह्याच्या बाजारला गेलो तवा डॉक्टरला दावलं. त्यानं नळ्या लावून ऐकलं अन् म्हणाला, आजोबा, झडप बसत न्हाई नीट. मोटरीचा फूटव्हॉल गेल्यावर पाणी कसं इहिरीत माघारी पळतं, तसं रगत माघारी पळतंय. पुण्याला जा, उशीर नका करू.”

“हे कधी?”

“तुमच्याकडं यायच्या आधी. चार-पाच दिस.”

 त्या दिवशीचे त्यांचे सगळे प्रश्न मला एकदम आठवले. काळजाचं बसतं का, नाव काढल्यावर काय, परत घालता येतं का. मला वाटलं होतं, ते विहिणीसाठी विचारतायत.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“म्हणून तर घाईनं आलो. सुनबाईला माझं कळलं असतं तर तिनं सही केली असती व्हय? अन् तुमाला कळलं असतं तर तुमी तरी अर्ज घेतला असता का?”

घेतला असता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

“पण का, तात्या?”

त्यांनी धाप आवरायला थोडा वेळ घेतला. “मला मोहन हाय, घर हाय, सुनबाई हाय. कुणी तरी माझं बघंल, आज बघत्यातच. इहीणबाईला कोण व्हतं? दुकानाच्या पत्र्याखाली एकली. तिच्यासाठी तो कागदच व्हता काय तो.” मग मागच्या दाराकडं बघून आवाज बारीक केला. “ह्यातलं कुणाला बोलू नका. पोरगी जल्मभर मनाला लावून घेईल. अन् इहीणबाई आजच पिशवी भरून निघंल.”

पार्वतीबाई दूध घेऊन आल्या. आम्ही चहा प्यायलो. तात्यांनी मला यंदाच्या बाजरीविषयी सांगितलं.

त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले. पार्वतीबाई शेवटपर्यंत तिथंच होत्या आणि तात्या गेल्यावरही सुनंदानं त्यांना जाऊ दिलं नाही. तात्यांना दिलेला शब्द मी पाळला. कार्यालयातल्या बायकांना काठीची गोष्ट सांगितली, रॉकेलची सांगितली, ही नाही. एक बदल मात्र मी केला. कुणी नवी शिक्षिका विकल्पाचा फॉर्म भरायला आली की मी तिला तो त्या दिवशी भरू देत नसे. “घरी न्या,” म्हणायची. “दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आधी डॉक्टरकडं दाखवून आणा. कोण धडधाकट आहे, कोण नाही, कुणाला दुसरं कोण आहे, ते बघा. मग लिहा.” काही नवऱ्यांना हे आवडायचं नाही. टपाल चुकायचं. साहेब रागवायचे.

माझ्या स्वतःच्या वडिलांचं काय झालं, ते लिहीत नाही. त्यांचं नाव कागदावर नव्हतं, एवढंच.

अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मी निवृत्त झाले. लोकांना हे ठाऊक नसतं, पण हे सगळं संरक्षण निवृत्तीच्या दिवशी संपतं. म्हणजे दुखणी यायला लागतात त्याच वयात. मग मी नारायणगावला सरकारी विमा कंपनीच्या एजंटकडं गेले, खराखुरा विमा घ्यायला. त्यानं वय विचारलं आणि हप्त्याचा वरचा रकाना बोटानं दाखवला. आजार विचारले. मी रक्तदाब लिहिला. तो म्हणाला, “मॅडम, हे लिहू नका, मग त्याचं काही वर्षं मिळत नाही.” मी म्हणाले, लिहायचंच. बारीक अक्षरातली चार पानं मी तिथंच बसून वाचली. काय मिळतं त्यापेक्षा काय मिळत नाही ती यादी लांब होती, आणि मला ती आमच्याच नियमांच्या भाषेत लिहिल्यासारखी वाटली. हप्ता दरवर्षी भरते. अजून तरी तो विमा वापरावा लागला नाही.

मागच्या वर्षी पार्वतीबाई गेल्या, झोपेत. यंदा एका दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा या प्रसंगाशिवाय दुसरं काही सुचेना. पण न विचारता छापायला देणं बरोबर नव्हतं. सुनंदाही आता निवृत्त झाली आहे, आळेफाट्याला राहते. मी कागद घेऊन तिच्याकडं गेले आणि बेल्ह्याच्या डॉक्टरपर्यंतचं सगळं तिला वाचून दाखवलं.

 तिनं विचारलं, “आईला माहीत होतं का हे?”

“नाही. मी कुणालाच सांगितलं नाही.”

“बरं झालं.” ती उठून आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला, पण चहा लवकर आला नाही. आला तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

मी म्हणाले, “नको असेल तर नाही देत. किंवा नावं बदलते सगळ्यांची. कुणाला कळणार नाही.”

“आईचं बदला,” ती म्हणाली. “तिला आवडलं नसतं.” मी ते बदललं आहे.

“आणि तात्यांचं?”

“त्यांचं राहू द्या,” ती म्हणाली. “एकदा काढलंय मी त्यांचं नाव.”